एकच पेला

आमची आजी ‘चर्च’ म्हणत नसे. ‘देवळात जाऊन येते’ म्हणायची, आणि आल्यावर सांगायची, ‘आज मंडळी कमी होती गं.’ देऊळ म्हणजे भिंती, कौलं, घंटा. मंडळी म्हणजे माणसं. मराठी बायबलात ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दासाठी ज्याने कुणी ‘मंडळी’ हा शब्द बसवला, त्याला आपल्या भाषेचा कान होता. पंगतीला बसते ती मंडळी, नाटकाची ती मंडळी, आणि जुन्या पुरुषांच्या बोलण्यात बायको तीसुद्धा मंडळी. शब्दाला घरातल्या चुलीचा वास आहे.

नोकरीसाठी पुण्याला आलो आणि ही मंडळी माझ्या हातून सुटली. भांडण नाही, शंका नाही, नुसता आळस. 2020 साली सगळ्यांचीच उपासना मोबाइलवर आली तेव्हा तर मला राजमान्यताच मिळाली. लोळत उपदेश ऐकायचा, लांबला तर वेग वाढवायचा, दानार्पण एका बोटाने. खरं सांगायचं तर माझ्या श्रद्धेचं त्यात काही बिघडलं नाही. प्रार्थना होत होती, वचन वाचलं जात होतं. फक्त त्या मोबाइलमध्ये मला न आवडणारं एकही माणूस नव्हतं.

हे माझ्या लक्षात आलं ते लक्ष्मीबाई टिळकांमुळे. ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचत होतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईला झाला आणि नवराबायकोची काही वर्षं ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळं बरोबर घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. देवाचं काय ते मनाशी एक वेळ ठरत होतं, शिवाशिवीचं ठरत नव्हतं. मग विचार करता करता त्यांनी जातच मनातून काढून टाकली, आणि 1900 साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. पुस्तक मिटून मी बराच वेळ त्या वेगळ्या पाण्याचाच विचार करत राहिलो.

कारण आमच्या नगरच्या बाजूला मिशनचं काम 1831 पासूनचं, आणि मंडळीत आलेले बहुतेक लोक महारवाड्यातले, मांगवाड्यातले. प्रभुभोजनाला मात्र सगळ्यांना एका भाकरीचे तुकडे आणि एकच पेला. परदेशातल्या मंडळीत हा नुसता विधी. आपल्याकडे ज्या गावात पाणवठे वेगळे, तिथे तो पेला म्हणजे ठिणगीच. आपल्या उष्ट्याला दुसऱ्याचे ओठ लागणार, हे पचवायला उपदेश पुरत नाही. गुडघे टेकून घोटच घ्यावा लागतो. जात अशी एका घोटात गेली, असं मात्र कुणी समजू नये. सोयरीक जुळवताना ती मागच्या दाराने येऊन बसतेच, हे आम्ही सगळे जाणतो आणि उपासनेत बोलत नाही.

मंडळीतली अशी फूट प्रेषित पौलालाही दिसली होती. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तो चांगलाच चिडलेला दिसतो. तिथली मंडळी प्रभुभोजनाला जमायची, पण ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊन मोकळे. कुणी भुकेला तर कुणी झिंगलेला. आपण पहिल्या मंडळीची फार गोड चित्रं रंगवतो. पत्रं वाचावीत. निम्मी भांडणंच आहेत.

आमचंही एक आहे. शेताच्या बांधावरून आमच्या घराचं एका घराशी बोलणं बंद आहे, आजोबांपासून. दोन्ही घरं एकाच देवळात, मात्र मधली वाट सोडून समोरासमोरच्या बाकांवर. पिकाच्या आभारप्रदर्शनाला लोक भाजी, कोंबड्या, अंडी, शेंगा आणतात आणि उपासना संपली की अंगणात लिलाव होतो. एका वर्षी एका भोपळ्यावरून आमचे वडील आणि त्या घरातले काका इरेला पेटले. बाजारात त्या भोपळ्याला कुणी विचारलं नसतं. वडिलांनी आकडा वाढवला की काका आकाशाकडे बघत वाढवायचे. बोलणं बंद होतं ना, त्यामुळे प्रत्येक बोली पाळकसाहेबांकडे बघून. शेवटी भोपळा वडिलांकडे आला आणि त्या वर्षी देवळाच्या गळक्या कौलांचा खर्च निघाला. आईने त्याची भाजी केली नाही. इतक्या महागाचं कापवेना म्हणाली. खिडकीत ठेवला होता, तिथेच वाळला.

वडील गेले तेव्हा पेटी उचलायला पुढच्या उजव्या कोपऱ्याला तेच काका होते. सांगितलं कुणीच नव्हतं. कबरस्थानापर्यंत त्यांनी खांदा बदलला नाही. मातीची मूठ टाकली, हात झटकले आणि घरी गेले. भेटायला आले नाहीत.

त्यानंतर मी गावच्या देवळात जायला लागलो, महिन्यातून एखादा रविवार, पहाटेच्या एसटीने. आमच्याकडे साथीत छोट्या प्लास्टिकच्या पेल्यांचं तबक आलं होतं. ते परत द्यायचं की नाही यावर पंचांत तीन बैठका झाल्या म्हणे. शेवटी जुना चांदीचा मुलामा दिलेला पेला कपाटातून निघाला, काठ घासून घासून पिवळा पडलेला. त्या रविवारी मी उशिरा पोचलो, कठड्याजवळ गुडघे टेकायला जी जागा मोकळी दिसली तिथे गेलो, आणि मान वळवली तर शेजारी काका.

पाळकसाहेब एकेकाला पेला देत, रुमालाने काठ पुसून थोडा फिरवत पुढे सरकत होते. काकांचे हात कापत होते. पाळकांनी पेल्याला खालून आधार दिला. द्राक्षरसाचा एक थेंब काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला. मग पेला माझ्याकडे आला. रुमाल फिरला होता तरी काठ ओला होता. मी प्यालो.

बाहेर आलो तर माझ्या चुलतभावाची गाडी, जिच्यावरून मला एसटी स्टँडवर जायचं होतं, काकांच्या मोटारसायकलमागे अडकली होती. काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. स्टँड पायाने वर घेतला, मोटारसायकल दोन हात पुढे ढकलली आणि बॅटरी तपासतोय असं दाखवत तिथेच उभे राहिले. आम्ही निघालो.