दगडाखालची नदी

नदीचं पाणी तपासायचं म्हटलं की लोक बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवतात. मी दगड उलटते. बाटलीत त्या घटकेचं पाणी येतं. रात्री दोन वाजता कुणी टँकर रिकामा केला असेल, तर सकाळी दहाच्या बाटलीत त्याचा मागमूसही नसतो. दगडाच्या पोटाला चिकटून राहणारे किडे मात्र आठवडेच्या आठवडे तिथेच असतात. रात्रीचं पाणीही त्यांच्या अंगावरून गेलेलं असतं. कोण टिकलं आणि कोण नाहीसं झालं, एवढं पाहिलं तरी नदीवर काय गुजरलं ते समजतं.

बदलापूरजवळ कोंडेश्वरच्या ओढ्यात पावसाळा सरल्यावर एखादा दगड उचलून पाहा. ओल्या पाठीवर चपटी, तपकिरी पिल्लं खेकड्यासारखी आडवी पळतात. शेपटाला लांब केस, पोटाच्या दोन्ही बाजूंना बारीक पानांसारखे कल्ले. ही मेफ्लायची पिल्लं. शेजारी वाळूचे कण रेशमाने जोडून बांधलेली कॅडिसफ्लायची घरं असतात. या मंडळींना वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. तीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. सांडपाणी मिसळलं की जिवाणू तो भराभर संपवतात आणि सगळ्यात आधी हीच मंडळी जातात.

आता उल्हासनगरच्या कॅम्प १ च्या अंगाला या. शहाडजवळ खेमानी नाला उल्हास नदीत उतरतो. इथल्या दगडावर राखाडी, बुळबुळीत थर. खाली काळा गाळ, त्याला कुजक्या अंड्यांचा वास. हा गाळ पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून थोडं थांबलं की लालभडक अळ्या अंग झटकत वर येतात. न चावणाऱ्या चिलटांच्या या अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून पाण्यात उरलेला प्राणवायूचा शेवटचा अंशही त्या धरून ठेवतात. मला या अळ्यांचं फार कौतुक वाटतं. पण ट्रेमध्ये फक्त त्याच दिसू लागल्या की पोटात गोळा येतो, कारण इथून जवळच ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरच्या नळांसाठी पाणी उचललं जातं.

उल्हास उन्हाळ्यातही वाहते, याचं श्रेय तिच्या एकटीचं नाही. १९२२ सालापासून घाटावरच्या आंध्रा खोऱ्यातल्या धरणाचं पाणी भिवपुरीच्या वीजघरातून खाली येतं आणि पेज नदीतून उल्हासला मिळतं. आंध्रा ही इंद्रायणीची उपनदी. म्हणजे जे पाणी इंद्रायणी-भीमेतून पंढरपूरला गेलं असतं, त्यातलं काही शहाडच्या बिर्ला मंदिरातल्या विठोबाच्या आसपास येऊन पोचतं. बारवी धरणाचं पाणीही उल्हासलाच मिळतं. मे महिन्यात आपण पितो ते असं दोन धरणांच्या जिवावर.

फाळणीत सिंधू मागे ठेवून आलेल्या लोकांनी उल्हासनगर वसवलं. १९४९ साली राजगोपालाचारींनी पायाभरणी केली आणि कल्याणच्या लष्करी छावणीला उल्हास नदीचंच नाव मिळालं. सिंधी समाजाचं दैवत झुलेलाल माशावर बसलेलं असतं. तो मासा पल्ला, समुद्रातून सिंधूत चढणारा. १९३२ साली सक्करला आणि १९५५ साली कोटरीला बराज बांधले गेले आणि पल्ल्याची वाट खाली खाली अडत गेली. चेटीचंडच्या सणाला बहिराण्याचं ताट घेऊन लोक पाण्याशी येतात. अशाच एका संध्याकाळी एक आजी माझ्या ट्रेमध्ये वाकून पाहत होत्या. त्यांनी विचारलं, "बेटा, इथे कुठला मासा राहतो?" मी म्हटलं, "अम्मा, तिलापिया." त्या काही बोलल्या नाहीत.

काठावरच्या म्हारळ, वरप, कांबा या गावांतल्या जुन्या माणसांना वेगळी नदी आठवते. पहिल्या जोरदार पावसात मासे नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून भातखाचरात अंडी घालायला चढायचे. ही वलगण. खाचरं भराव घालून बुजली, ओढ्यांची गटारं झाली, आणि वलगणीची वाट तुटली. माणसांनी यावर काय केलं? पोहणारी मुलं काठावरून घरी गेली, धुणं नळावर गेलं, मासळी बाजारातून येऊ लागली, नळालाही फिल्टर लागला. यात कुणाला दोष देता येत नाही. तब्येतीला जपायचं तर हेच करावं लागतं. पण काठावरून एकेक माणूस उठत गेलं, तसे नदीतला बदल रोज पाहणारे डोळेही गेले.

शहरातल्या दुसऱ्या नदीचं, वालधुनीचं, याहून वाईट झालं. काकोळ्याच्या ज्या रेल्वेच्या जुन्या धरणाचं पाणी आज 'रेल नीर'च्या बाटलीत भरलं जातं, त्याच अंगाला ती उगम पावते. १०६० साली बांधलेल्या अंबरनाथच्या शिवालयाला लागून ती वाहते आणि उद्योगांच्या पट्ट्यातून उल्हासनगरात शिरते. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात टाकलेल्या रसायनांच्या वायूने शेकडो लोकांना रुग्णालयात जावं लागलं. 'वनशक्ती' संस्थेच्या अर्जावर २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने मोठी दंडात्मक भरपाई ठोठावली. पुढे जीन्स रंगवण्याचे कारखाने बंद झाले. पाण्याचा निळा रंग गेला. सांडपाणी मात्र राहिलं. उल्हासवरही मोहने बंधाऱ्यामागे साचणारी जलपर्णी अशाच सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते. ती यंत्राने काढली की छायाचित्र चांगलं येतं, पण खत सुरू असेपर्यंत पीक येणारच.

तरीही उल्हास मेलेली आहे, असं मी म्हणत नाही. माझ्याकडे त्याला पुरावा आहे. पावसाळ्यात पूर ओसरला की शहाडच्या वरच्या अंगाला, नाला मिळण्याआधी, दगडांवर मेफ्लायची पिल्लं सापडतात. ती इथे जन्मलेली नसतात; वरच्या ओढ्यांतून प्रवाहाबरोबर वाहत येतात. वाहत्या पाण्यातले किडे असेच नव्या जागा धरतात, आणि पंख फुटल्यावर प्रौढ उडूनही जातात. म्हणजे बियाणं शाबूत आहे. पाऊस थांबतो, प्रवाह उतरतो, नाल्याचं पाणी विरळ करायला पुरेसं पाणी उरत नाही, आणि खालच्या टप्प्यात पुन्हा लाल अळ्यांचं राज्य सुरू होतं.

म्हणून माझं मागणं दोन जागांपुरतं आहे. खेमानी नाल्याचा एकही थेंब प्रक्रियेशिवाय नदीत पडता कामा नये, आणि त्याची कसोटी ऑक्टोबर ते मे या महिन्यांत लागली पाहिजे. जुलैत कोणताही नाला स्वच्छ दिसतो. दुसरी जागा वरची. कोंडेश्वरकडचे ओढे आज चांगले आहेत, म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही. तिकडे डोंगर कापले जातात, बंगल्यांसाठी ओढ्यांच्या कडा सपाट होतात, माती वाहून दगडांमधल्या फटी बुजतात. मेफ्लाय त्या फटीत राहते. ती फट बुजली, तर शहाडला उद्या शुद्ध पाणी सोडलं तरी तिथे येऊन राहायला वरून कुणी येणार नाही.