घरची शिष्यवृत्ति

सायंकाळीं विश्रामबागेच्या रस्त्यानें फिरावयास निघालें म्हणजे महाविद्यालयांतून परतणाऱ्या मुलामुलींचे घोळके भेटतात. डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें १९१९ सालीं येथें विलिंग्डन महाविद्यालय काढलें. पुढें वालचंद या नांवानें प्रसिद्धीस आलेलें अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालीं निघालें. तेव्हांपासून या भागाचें नांव जरी विश्रामाचें असलें, तरी येथील तरुणांच्या डोक्यास विश्राम म्हणून नाहीं. पदवीचें वर्ष आलें कीं प्रत्येकाच्या तोंडीं एकच प्रश्न असतो, "पुढें काय?" हा प्रश्न गेल्या उन्हाळ्यांत आमच्याहि उंबरठ्यावर येऊन उभा राहिला, आणि त्यानें मला माझी एक जुनी चूक पुन्हां दाखविली. ती चूक व तिच्यापासून घेतलेला बोध वाचकांपुढें ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें कुटुंब एकत्र आहे. माझ्या पुतण्याची मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्‌सी. झाली, आणि एकाच आठवड्यांत तिच्या नांवें दोन पत्रें आलीं. एक बँकेंतील कारकुनीच्या जागेचें. दुसरें, 'जॅम' या प्रवेशपरीक्षेंतील गुणांवरून परगांवच्या एका नामांकित संस्थेंत एम. एस्‌सी.ला मिळालेल्या प्रवेशाचें. बँकेचा पगार पहिल्या महिन्यापासून हातीं येणार. संस्थेची फी पहिल्या महिन्यापासून हातची जाणार. रात्रीं जेवणें आटोपल्यावर सर्व मंडळी माजघरांत जमली.

पुतण्या म्हणाला, "काका, मिळालेली नोकरी सोडावी कशी? सर रामन यांनीं सरकारी नोकरी करूनच संशोधन केलें ना?"

वहिनी म्हणाल्या, "दोन वर्षें एम. एस्‌सी., मग पांच वर्षें संशोधन. भावजी, मुलगी तिशीला टेकेल, तेव्हां कुठें हिचें शिक्षण संपणार!"

मुलगी खालीं मान घालून बसली होती. शेवटीं तिनें माझ्याकडे पाहून एवढेंच विचारलें, "आबा, तुम्हांला काय वाटतें?"

मला उत्तर सुचेना. सुचेना म्हणण्यापेक्षां, पूर्वीं एकदां दिलेलें उत्तर आठवून जीभ उचलेना. मी मॅट्रिक झालेला, संस्कृत शिकलेला, जन्मभर शाळेंत मास्तरकी केलेला मनुष्य. शास्त्राचें ज्ञान मला बेताचेंच. बऱ्याच वर्षांपूर्वींची गोष्ट. माझा एक विद्यार्थी, विधवा आईचा एकुलता एक मुलगा, बी. एस्‌सी.ला पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होऊन पेढे घेऊन आला. "गुरुजी, एम. एस्‌सी. करूं कां?" असें त्यानें विचारलें. मीं मोठ्या शहाणपणानें सांगितलें, "बाळ, हातचें सोडून पळत्याच्या पाठीस लागूं नये." त्यानें माझा शब्द मानिला आणि एका कचेरींत नोकरी धरली. त्याचा संसार चांगला झाला, आईला सुख लाभलें. त्याविषयीं माझी तक्रार नाहीं, त्याचीहि नाहीं. परंतु पुढें पुष्कळ वर्षांनीं भेटला असतां सहज म्हणाला, "गुरुजी, संशोधन करणाऱ्याला सरकार दरमहा वेतन देतें, त्याची परीक्षा असते, हें त्या वर्षीं मला कोणी सांगितलें असतें तर!" तो हंसत म्हणाला, मला मात्र हंसतां आलें नाहीं. तें सांगणारा 'कोणी' मीच असावयास हवा होतों. मला ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक नाहीं हेंहि मला ठाऊक नव्हतें.

त्या रात्रीं म्हणूनच मीं मंडळींस सांगितलें, "आठ दिवस द्या. आधीं माहिती काढूं, मग मत देऊं." मुलीला शेजारीं बसवून सर्व कागद वाचून घेतले, आणि जें कळलें तें असें.

केंद्र सरकारची वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या वतीनें विज्ञानविषयांसाठीं 'नेट' ही परीक्षा घेतली जाते; बहुधा वर्षांतून दोनदां. एम. एस्‌सी.च्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यासहि तिला बसतां येतें. तींत वरच्या श्रेणींत आलेल्यास ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळते. १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये झाली. दोन वर्षांनंतर प्रगति समाधानकारक असल्यास ती ४२,००० होते, आणि वसतिगृह नसल्यास घरभाडें निराळें. एकूण मुदत पांच वर्षांची. खुल्या वर्गास वयाची मर्यादा ३० वर्षें. स्त्रियांस तींत पांच वर्षांची सवलत. वहिनींच्या शंकेंतील निम्म्या भागाचें उत्तर येथेंच मिळालें. तीं पांच वर्षें मुलगी घरावर भार होऊन शिकणार नसून, वेतन घेऊन काम करणार होती.

बी. एस्‌सी. झाल्याबरोबर कांहीं संस्थांतून, उदाहरणार्थ बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत, एम. एस्‌सी. व पीएच. डी. असा जोडअभ्यासक्रमहि असतो, व त्यांत विद्यावेतन मिळतें; पण जागा मोजक्या. पदवीच्या वर्गांत असतांनाच उन्हाळ्याचे दोन महिने एखाद्या नामांकित शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत काम करण्यासाठीं बंगलोर, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादम्या मिळून शिष्यवृत्ति देतात. ही मुलगी बारावी झाली, त्या वेळीं 'इन्स्पायर' नांवाची योजना होतीच. शालान्त मंडळाच्या परीक्षेंत वरच्या एक टक्क्यांत येऊन मूलभूत विज्ञान घेणाऱ्यास वर्षाला ८०,००० रुपये, त्यांतील २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठीं. मुलीचे गुण पुरेसे होते. अर्ज कोणीं केला नाहीं. कारण घरांत तिचें नांवच कोणाला माहीत नव्हतें. म्हणजे माझी जुनी चूक माझ्याच घरांत दुसऱ्यांदां घडली होती.

आतां सर्व जमाखर्च मांडल्यावर एक फट उघडी राहिली. बी. एस्‌सी. संपतें तेथें एक काठ आणि फेलोशिप सुरू होते तेथें दुसरा काठ, मध्यें एम. एस्‌सी.चीं दोन वर्षें. या दोन वर्षांत बहुतेकांस फारसें कांहीं मिळत नाहीं. हुशार मुलें संशोधनाकडे वळत नाहींत, अशी ओरड आपण करतों. पण त्यांतील कित्येक या दोन वर्षांच्या ओढ्यांतच वाहून जातात. माझा तो विद्यार्थी तेथेंच गेला.

हा विचार करतां करतां मला वडिलांची आठवण झाली. ते सात घरीं वार लावून शिकले. सोमवारीं एका घरीं जेवण, मंगळवारीं दुसऱ्या घरीं. वार देणारीं घरें कांहीं श्रीमंत नव्हतीं. आपल्या पंगतींत एक पान अधिक मांडीत, एवढेंच. त्या पानाला आपण शिष्यवृत्ति म्हटलें नाहीं, पण ती शिष्यवृत्तीच होती. राजाश्रयाची गोष्टहि निराळी नाहीं. पेशवे श्रावणांत विद्वानांस दक्षिणा वांटीत. राज्य गेल्यावर त्या दक्षिणेच्या पैशांतून पुण्याच्या विश्रामबाग वाड्यांत १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा निघाली, आणि पुढें त्याच निधींतून 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊं लागले. न्यायमूर्ति रानडे आणि डॉ. भांडारकर हे दोघेहि दक्षिणा फेलो होते. हातावर पडणाऱ्या दक्षिणेची अभ्यासासाठीं मिळणारी वर्षें झालीं, हा केवढा पालट! शिष्यवृत्ति म्हणजे बक्षीस नव्हे आणि दानहि नव्हे. पोटाच्या चिंतेपासून सोडवून घेतलेला काळ म्हणजे शिष्यवृत्ति.

हा काळ कोणी तरी आधीं द्यावा लागतो. जमशेटजी टाटा यांनीं १८९२ सालीं परदेशीं उच्च शिक्षण घेणाऱ्यांसाठीं कर्जाऊ शिष्यवृत्तीचा निधि काढला. आपल्या शेजारच्या कोल्हापुरांत १९३८ सालीं जन्मलेले जयंतराव नारळीकर १९५७ सालीं केंब्रिजला गेले, ते त्याच निधीचें साहाय्य घेऊन. परत येऊन त्यांनीं पुण्यास 'आयुका' उभी केली, आणि मे २०२५ मध्यें ते निवर्तले तेव्हां त्यांचें कर्ज किती पटींनीं फिटलें होतें, हें सांगावयास नको.

पुतण्यानें रामन यांचें नांव काढलें होतें, म्हणून त्याचेंहि उत्तर द्यावयास हवें होतें. रामन १९०७ पासून दहा वर्षें अर्थखात्यांत अधिकारी होते आणि कलकत्त्यास असतांना कचेरीच्या आधीं व नंतर प्रयोगशाळेंत काम करीत, हें खरें. पण १९१७ सालीं विद्यापीठांत प्राध्यापकाची जागा मिळतांच त्यांनीं तें मोठ्या पगाराचें पद सोडलें, हेंहि तितकेंच खरें. नोकरी करून संशोधन होतें, हें त्यांच्या चरित्रांतून निघत नाहीं. संधि मिळतांच नोकरी सोडावी, हेंच निघतें.

आणि याच रामन यांच्या दारीं एक मराठी मुलगी उभी राहिली होती. कमला भागवत, पुढें डॉ. कमला सोहोनी, या १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. परीक्षेंत पहिल्या आल्या आणि त्यांनीं बंगलोरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेंत संशोधनासाठीं अर्ज केला. रामन तेव्हां संचालक होते. स्त्री म्हणून त्यांनीं प्रवेश नाकारला. कमलाबाईंनीं माघार घेतली नाहीं. तेव्हां एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना घेण्यांत आलें. वर्षअखेर रामन यांचें समाधान झालें, आणि पुढें त्या संस्थेचें दार स्त्रियांस उघडलें. १९३६ सालीं कमलाबाई एम. एस्‌सी. झाल्या, शिष्यवृत्ति मिळवून केंब्रिजला गेल्या, आणि १९३९ सालीं तेथील पीएच. डी. झाल्या. परत आल्यावर कडधान्यें आणि नीरा यांसारख्या गरिबांच्या अन्नांतील पोषक द्रव्यांचा त्यांनीं अभ्यास केला. त्यांच्या चिकाटीची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. मला त्यांतील एक लहान तपशील महत्त्वाचा वाटला. त्यांचे वडील आणि काका दोघेहि त्याच बंगलोरच्या संस्थेंत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. वाट कोठून जाते, हें त्या घरांतील वडीलधाऱ्यांस ठाऊक होतें. आमच्या घरांत तें ठाऊक नव्हतें. पण ठाऊक करून घेण्यास कोणाची मनाई होती?

आठव्या दिवशीं पुन्हां बैठक भरली. मीं हें सर्व सांगितलें, आणि धोकेहि लपविले नाहींत. 'नेट'मध्यें हजारों बसतात, फेलोशिप थोड्यांनाच मिळते. २०२४ च्या जूनमध्यें ही परीक्षा ऐन वेळीं पुढें ढकलली गेली व जुलैअखेर झाली. अभ्यास करून बसलेल्या मुलांचा जीव त्या महिन्यांत टांगणीस लागला. वेतन हातीं पडण्यास उशीर होतो, अशीहि तक्रार संशोधक विद्यार्थ्यांकडून वारंवार ऐकूं येते. तेव्हां पहिल्या प्रयत्नांत यश न आल्यास कोणीं टोमणे मारावयाचे नाहींत, आणि पैसे उशिरा आल्यास घरानें सांभाळून घ्यावयाचें, हें आधींच ठरवावें, असें मीं म्हटलें. पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण काका, दोन वर्षांचा खर्च एकट्या माझ्यानें झेपणार नाहीं."

मीं म्हटलें, "एकट्यानें करावयाचाच नाहीं. वार लावूं."

वसतिगृह, खानावळ व फी मिळून महिन्याची जी रक्कम होत होती, तिचे सात भाग केले. एक माझ्या निवृत्तिवेतनांतून, एक वहिनींनीं आपणहून मागून घेतला, दोन पुतण्याचे, एक धाकट्या भावाचा, एक पुण्याच्या माझ्या मुलीचा. सहा वार लागले. रविवार मोकळा राहिला.

मुलीनें विचारलें, "आबा, हें मीं कधीं आणि कसें फेडावयाचें?"

मीं सांगितलें, "देवऋण आणि पितृऋण यांखेरीज तिसरें एक ऋषिऋण असतें. तें ज्याचें त्याला परत करीत नाहींत. पुढच्याला शिकवून फेडतात. तुझ्या मागून येणाऱ्या एखाद्या मुलीला परीक्षेची तारीख वेळेवर सांगितलीस, तर पहिला हप्ता पोंचला असें समज."

दुसऱ्या दिवशीं मीं त्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यास पत्र लिहिलें. पैसे मागण्यासाठीं नव्हे. त्या वेळीं मी तुला अज्ञानानें सल्ला दिला, त्याची क्षमा कर, एवढेंच लिहावयाचें होतें. ओघांत मुलीची हकीकतहि लिहिली गेली. चार दिवसांनीं तो स्वतःच आला. क्षमेचा विषय त्यानें काढूं दिला नाहीं. उठतां उठतां माझ्या हातांत एक पाकीट ठेवून म्हणाला, "गुरुजी, रविवार माझा."