दोन मायक्रोफोन आणि एक रात्र

पेढीच्या दोन वह्यांचा मेळ बसला नाही, तर जुने मुनीमजी रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली बसून चुकलेली रक्कम शोधीत. रक्कम क्षुल्लक असली तरी शोध थांबत नसे. अमेरिकेतील एका गाजलेल्या ध्वनिमुद्रणाची अशीच एक बाजू जुळत नव्हती. ती सापडायला तब्बल चाळीस वर्षे लागली.

ड्यूक एलिंग्टन हे जॅझ संगीतातील थोर रचनाकार. पंधरा-सोळा वादकांचा ताफा, म्हणजे ‘बिग बँड’, त्यांनी आयुष्यभर सांभाळला. दुसऱ्या महायुद्धानंतर असे ताफे एकामागून एक बंद पडले. इतक्या माणसांचे पगार आणि प्रवासखर्च भागेना. एलिंग्टन मात्र स्वतःच्या जुन्या रचनांचे मानधन वादकांच्या पगारात घालीत राहिले. १९५५ च्या उन्हाळ्यात तर न्यूयॉर्कमधील एका जलक्रीडा व बर्फावरील नृत्याच्या तमाशाला साथ करण्याचे काम त्यांच्या ताफ्याला पत्करावे लागले. एका खात्यातला नफा दुसऱ्या खात्याच्या तोट्यात जिरविणाऱ्या या व्यवसायाला कोणत्याही बँकेने कर्ज मंजूर केले नसते.

पुढच्या वर्षी, ७ जुलै १९५६ रोजी, ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात त्यांना अखेरचे सत्र मिळाले. मध्यरात्र जवळ आली होती आणि श्रोते उठू लागले होते. एलिंग्टनांनी १९३७ सालची जुनी रचना काढली : ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’. पहिला भाग हळूहळू उतरत जाणारा, दुसरा चढत जाणारा. या दोहोंमधील जागा टेनर सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विस यांनी भरायची होती, आणि हवे तितके वाजविण्याची त्यांना मोकळीक होती. त्यांनी ब्लूजची सत्तावीस आवर्तने सलग वाजविली. एक सोनेरी केसांची स्त्री उठून नाचू लागली, लोक खुर्च्यांवर चढले. गर्दी हाताबाहेर जाईल या भीतीने संयोजक जॉर्ज वेन यांनी थांबण्याची खूण केली. एलिंग्टन थांबले नाहीत. (गोन्साल्विस हे नाव आपल्याला गोव्याचे वाटते. त्यांचे पूर्वज मात्र आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरचे. दोन्हीकडे पोर्तुगीज अमलाचीच खूण. १९६३ साली हा ताफा भारतात आला, तेव्हा मुंबईतही वाजवून गेला.)

इतकी रंगलेली रात्र, पण मुद्रणात मोठी उणीव राहिली. रंगमंचावर दोन मायक्रोफोन होते : एक कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीचा, दुसरा ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या सरकारी नभोवाणीचा. गोन्साल्विस वाजविण्याच्या भरात नभोवाणीच्या मायक्रोफोनपुढे उभे राहिले. परिणामी कंपनीच्या ध्वनिफितीत ताफा आणि जल्लोष स्वच्छ, पण ज्याच्यासाठी जल्लोष चालला होता तो सॅक्सोफोन मात्र दूर कुठेतरी अस्पष्ट वाजत होता.

त्याच रात्री सादर झालेली एक नवी रचना पुरेशा तालमीअभावी सदोष झाली होती. ती सोमवारी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत पुन्हा वाजविण्यात आली आणि वर टाळ्यांचा आवाज चढविण्यात आला. निर्माते जॉर्ज अवाकियन यांनी हे सारे जोडून ‘एलिंग्टन अ‍ॅट न्यूपोर्ट’ ही मुद्रिका काढली. ‘टाइम’ साप्ताहिकाने ऑगस्टमध्ये एलिंग्टनांना मुखपृष्ठावर स्थान दिले, मुद्रिका त्यांच्या साऱ्या मुद्रिकांत सर्वाधिक खपली, आणि ताफ्याला पुन्हा चांगले दिवस आले. याला फसवणूक म्हणणे कठोर होईल. सदोष वादन लोकांपुढे ठेवणे एलिंग्टनांनाही रुचले नसते. तथापि वेष्टनावरील मजकूर आणि आतील माल पुरता एक नव्हता, हे नाकारता येत नाही.

खरी नोंद दुसऱ्या वहीत होती. १९९६ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नभोवाणीची ध्वनिफीत मिळाली, आणि तिच्यात गोन्साल्विसांची सत्तावीस आवर्तने ठसठशीत ऐकू आली. फिल शाप या जॅझच्या अभ्यासकाने पुढचे काम हाती घेतले. दोन्ही फिती मोनो, म्हणजे एकपदरी होत्या. मात्र एकच वादन दोन जागी ठेवलेल्या मायक्रोफोनांनी टिपले असल्याने एक फीत डाव्या कानासाठी आणि दुसरी उजव्या कानासाठी वापरली, तर आपोआप स्टिरिओ तयार होणार होते. म्हणायला सोपे, करायला अवघड. दोन यंत्रांवरच्या फिती तंतोतंत एका गतीने कधीच धावत नाहीत. किंचित फरक पडला तरी एकाच ढोलाचे दोन ठोके ऐकू येतात. संगणकाच्या साहाय्याने तुकड्या-तुकड्याने ताळमेळ घालावा लागला. दोन खतावण्यांतील प्रत्येक नोंदीवर खूण करीत शेवटच्या पैशापर्यंत जाण्याचाच हा प्रकार.

एलिंग्टनांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९९ मध्ये, दोन सीडींचा संच निघाला. नावात ‘कम्प्लीट’ हा शब्द असलेलाच हा संच. शोधणाऱ्याने तो शब्द पाहूनच घ्यावा, कारण जुनी मुद्रिकाही जवळजवळ त्याच नावाने मिळते. नव्या संचात गोन्साल्विस समोर उभे राहून वाजवीत असल्यासारखे ऐकू येतात, आणि वादन संपल्यावर एलिंग्टन त्यांचे नाव पुन्हा पुन्हा पुकारतात. स्टुडिओत सोमवारी केलेले वादनही त्यातून पुसून टाकलेले नाही. ते स्वतंत्रपणे, स्टुडिओतील म्हणूनच नोंदविले आहे.