चोवीस तीर्थंकरांचे वृक्ष आणि राणीची बाग

तीर्थंकरांची लांछने आपल्या घरातील मुलांना लहानपणीच पाठ असतात. वृषभ म्हणजे आदिनाथ, सर्प म्हणजे पार्श्वनाथ, सिंह म्हणजे महावीर, हे त्यांना निराळे शिकवावे लागत नाही. परंतु प्रत्येक तीर्थंकरांचा एक वृक्षही आहे, ही गोष्ट मात्र मोठ्यांच्याही स्मरणात क्वचितच असते. ज्या वृक्षाच्या छायेत केवलज्ञान झाले, तो त्या तीर्थंकरांचा चैत्यवृक्ष. समवायांग सूत्रात ही चोवीस नावे क्रमाने आली आहेत. दिगंबर परंपरेत तिलोयपण्णत्तीतही अशी यादी आहे. दोन्ही परंपरांत काही नावांचा भेद असला, तरी पुष्कळ नावांवर एकमत आहे. ऋषभदेवांचा वड, अजितनाथांचा सप्तपर्ण, सुपार्श्वनाथांचा शिरीष, विमलनाथांचा जांभूळ, अनंतनाथांचा पिंपळ, अरनाथांचा आंबा, मल्लिनाथांचा अशोक, मुनिसुव्रतांचा चाफा, नमिनाथांचा बकुळ आणि महावीरांचा शाल.

ही यादी खिशात घालून वृक्षदर्शनास निघावयाचे, तर मीरा-भाईंदरकरांना सर्वांत सोयीचे स्थान म्हणजे भायखळ्याची राणीची बाग. भाईंदरहून दादर, तेथून मध्य रेल्वेने भायखळा, आणि पूर्वेस थोडे चालणे. बुधवारी बाग बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे. आम्ही तीन ज्येष्ठ नागरिक व दोन नातवंडे फाल्गुनात गेलो होतो. मुलांना पेंग्विन पाहावयाचे होते. त्यांची ती इच्छा प्रथम पूर्ण केली आणि मग झाडांकडे वळलो.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ही बाग लोकांसाठी खुली झाली. तेव्हाचे नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बहुतेक लोक येथे प्राणी पाहावयास येतात, परंतु बागेचे खरे धन तिचे वृक्ष आहेत. देशोदेशींची झाडे येथे दीड शतकाहून अधिक काळ वाढत आली. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी येथे आहे. तिचे लाल-पिवळे घोस लोंबू लागले की अप्सरेचे नाव तिला का मिळाले, हे सांगावे लागत नाही. आफ्रिकेची गोरखचिंच आपल्या फुगीर खोडात पाणी साठविते. तिचे नाव गोरक्षनाथांशी जोडले गेले. कृष्णवडाचे पान देठाशी वळून द्रोणासारखे होते. बाळकृष्णाने त्यात लोणी लपविले, असे लोक सांगतात. झाड परदेशातून आले असो वा निसर्गाची एक नवलाई असो, आपल्या लोकांनी त्याला कथेचे नाते दिले आणि आपलेसे केले.

वडाच्या कुळातील झाडापाशी नातवाने विचारले, ‘आजोबा, वड जर आदिनाथ भगवानांचा, तर त्याचे फळ आपण का खात नाही?’ प्रश्न उत्तम होता. वड, पिंपळ, उंबर, पाकर व कठूमर ही पाच उदुंबरे आपल्याकडे अभक्ष्य मानली आहेत. या वर्गातील फळ म्हणजे वास्तविक आतल्या बाजूस फुललेला फुलांचा गुच्छ असतो. अगदी बारीक छिद्रातून एक सूक्ष्म मादी-कीटक आत शिरते, परागकण पोहोचविते, अंडी घालते, आणि तिची पुढची पिढी त्या फळातच जन्म घेते. हे कीटक नसतील तर वडाला बीज धरणार नाही. सूक्ष्मदर्शक येण्याच्या कितीतरी आधी आपल्या आचार्यांनी या फळांना त्रसजीवांचे घर म्हटले होते. वृक्ष वंदनीय आणि फळ वर्ज्य, या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच जीवदया आहे.

पुढे कैलासपतीचे झाड आले. खोडावरच उमलणारी गुलाबी फुले, आणि फुलाच्या आत पिंडीवर फणा धरल्यासारखा आकार. मूळ दक्षिण अमेरिकेच्या या झाडाला श्रीलंकेत ‘साल’ समजून विहारांजवळ लावतात. खरा शाल निराळा. तो हिमालयाच्या पायथ्याचा आणि मध्य व पूर्व भारतातील अरण्यांचा रहिवासी. ऋजुवालुका नदीच्या काठी महावीरांना केवलज्ञान झाले, ते या शालवृक्षाखाली. शिखरजीची वंदना ज्यांनी केली आहे, ते पारसनाथ पर्वताच्या शालवनातून चालून आले आहेत. पुढच्या यात्रेत वर चढताना त्या झाडांकडेही एकदा पाहावे.

सर्वांत अधिक वेळ आम्ही थांबलो तो सीता-अशोकापाशी. जुन्या फांद्यांवर केशरी-लाल फुलांचे गुच्छ, दाट सावली, खाली गारवा. अष्टप्रातिहार्यांतील पहिला अशोकवृक्ष आपण समवसरणाच्या चित्रांत पाहतो. परंतु आपल्या दारांवर तोरणे लागतात ती आसुपालवाची, आणि सोसायट्यांच्या कुंपणालगत उंच, सरळ उभा असतो तोही आसुपालवच. त्याला लोक अशोक म्हणतात, पण ते झाड वेगळे. त्याची फुले हिरवट असतात. खरा अशोक औषधी सालीसाठी इतका तोडला गेला की जंगलात तो दुर्मीळ झाला आहे. मल्लिनाथांच्या वृक्षाचे नाव दुसऱ्याच झाडाला मिळाले, आणि मूळ झाड आपल्या मुलांनी पाहिलेलेच नाही, हे मनाला लागते.

मीरा-भाईंदरमध्ये आपली मंदिरे पुष्कळ आहेत, बोलीच्या वेळी समाज हात आखडता घेत नाही. तथापि अनेक प्रांगणांत भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी आहे. खोडाला चिकटवून काँक्रीट ओतले, की मुळांना पाणी व हवा मिळत नाही. झाड वाळते आणि पुढच्या वाऱ्यात पडते. झाड तोडण्यास १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते. अशा संथ मृत्यूकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. वनस्पतिकायाला एकेंद्रिय जीव मानणाऱ्या समाजाने तरी ते ठेवले पाहिजे.

सुचवावेसे वाटते ते एवढेच. चोवीस वृक्षांना जागा कोठून आणावी, हा प्रश्न खरा आहे. पण बकुळ, सीता-अशोक आणि चाफा लहान प्रांगणातही मावतात. चैत्र शुद्ध त्रयोदशीला, महावीर जन्मकल्याणकाच्या दिवशी संकल्प करावा. खड्डे उन्हाळ्यातच खणून ठेवावेत, म्हणजे पावसात माती उकरून जीवहिंसा घडणार नाही. झाडालाही तेच मानवते. खोडाभोवतीची माती मोकळी ठेवावी, आणि पाटीवर देणगीदाराच्या नावाआधी वृक्षाचे व तीर्थंकरांचे नाव लिहावे. पहिली तीन वर्षे पाणी कोण घालणार, हे मात्र रोप आणण्यापूर्वीच ठरवावे. बोली लावावयाचीच असेल, तर ती त्या पाण्याची लावावी.