डोंगर ऐकणारी माणसं

सगळ्यात जास्त तक्रार पार्श्वसंगीताची. सह्याद्रीच्या भटकंतीवरची मराठी पॉडकास्टं ऐकणाऱ्या कुणाशीही बोला, पाचव्या वाक्याला ती येतेच. निवेदक हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोचलेला असतो, तिथला वारा ऐकायला आपण कान टवकारतो, आणि नेमके तेव्हाच ढोल आणि तुतारी सुरू होतात. एका जुन्या ट्रेकरचं म्हणणं मला पटलं: वाऱ्यामुळे बोलण्यातलं अर्धं वाक्य तुटलं तरी तुटू द्या, पण वारा ठेवा. त्या अंतर्वक्र कड्यावर वारा खालून वर येतो. टोकाशी पालथं पडून खाली बघणाऱ्याच्या तोंडावर तो आदळतो. हा अनुभव नुसत्या ऐकण्यातूनही पोचतो. तिथे धुक्यावर कधीमधी दिसणारं इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, मात्र ऐकवता येत नाही, त्याचं वर्णनच करावं लागतं. जे ऐकवता येतं ते तरी संगीताखाली झाकू नये.

पावसाळी पहाटे शीळकरी कस्तूर हा पक्षी गातो. माणूस रमतगमत शीळ घालत चालल्यासारखा. एका भागात तो निवेदकाच्या मागे चांगला मिनिटभर ऐकू येत होता आणि निवेदक मोठ्या समजुतीने गप्प राहिला. माझ्या ओळखीच्या तिघांनी त्या भागातलं दुसरं काहीच लक्षात ठेवलेलं नाही, एवढा एक मिनिट ठेवला आहे.

चढाई ‘सोपी’, ‘मध्यम’, ‘कठीण’ असं सांगून मोकळं होणं लोकांना आवडत नाही, आणि यात मी ठामपणे श्रोत्यांच्या बाजूची आहे. हरिश्चंद्रगडाचंच बघा. पाचनईकडून गेलं तर घरातली शाळकरी मुलंही वर पोचतात. खिरेश्वरहून टोलारखिंडीतून गेलं तर चाल लांबते, वाटेत कातळटप्पा येतो आणि धुक्यात पठारावर वाट चुकते. बेलपाड्याकडून नळीच्या वाटेने गेलं तर प्रचंड धोंड्यांनी भरलेली घळ, कातळटप्पे, सोबत दोर आणि वाट माहीत असलेला माणूस हवाच. पावसात तर त्या नळीकडे फिरकूही नये. गड एक, पण हे तीन वेगळे दिवस आहेत. ‘हरिश्चंद्रगड मध्यम’ हे ऐकून निघालेला माणूस यातला कुठला दिवस निवडणार? श्रोत्यांची मागणी साधी आहे: कुठल्या गावातून, कुठल्या महिन्यात, पाणी कुठे, अंधार पडायच्या आत कुठवर पोचलं पाहिजे, हे सांगा. श्रेणी त्यांची ते ठरवतील.

एसटीचं कुणी सांगत नाही. जो तो स्वतःच्या गाडीने जातो आणि ‘पायथ्याशी पार्किंगची सोय आहे’ म्हणतो. कसारा लोकलने उतरून कळसूबाईसाठी बारीला जाणारी पोरं अजूनही पुष्कळ आहेत. त्यांना मुक्कामी गाडी किती वाजता सुटते ते हवं असतं.

माझ्या मावशीचे गुडघे गेले. राजमाची तिने तरुणपणी दोन्ही बाजूंनी केली, लोणावळ्याकडून आणि कर्जतकडूनही: कोंदिवडे, कोंढाणे लेणी, मग उभा चढ आणि वर उढेवाडी. आता ती भाजी निवडता निवडता भाग ऐकते. तिचं मत इतरांहून वेगळं आहे. तिला माहिती नको, वेग हवा. म्हणजे तिच्या चालीचा वेग. ‘हा पोरगा कोंढाण्याहून दोन वाक्यांत वर पोचला,’ असं ती एकदा वैतागून म्हणाली, ‘मधला चढ कुठे गेला?’ दम लागल्याचा आवाज कापू नये, असं तिला वाटतं. थांबणं, पाण्याची बाटली उघडणं, ‘अजून किती’ विचारणं, सगळं राहू द्यावं. ज्यांना आता डोंगर फक्त ऐकताच येतो असे बरेच श्रोते आहेत, आणि निवेदकांनी कधीतरी त्यांना समोर धरूनही बोलावं.

जागा सांगाव्यात की नाहीत, यावर मतं अगदी दोन टोकांना. मे अखेरीस काजवे सुरू झाले की भंडारदऱ्याच्या बाजूला गाड्यांची रांग लागते. काजव्यांचा प्रकाश हा नर-मादीने एकमेकांना शोधण्याचा व्यवहार. हेडलाइट आणि मोबाइलच्या टॉर्चने तो विस्कटतो. म्हणून काही श्रोते म्हणतात, झाडांचं ठिकाण सांगूच नका. दुसऱ्या बाजूला त्याच पट्ट्यातल्या गावकऱ्यांचा विचार करा: त्या दोन-तीन आठवड्यांत पिठलं-भाकरीवर आणि मुक्कामावर घरात पैसा येतो. मला वाटतं, हा निर्णय पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांनी घ्यायचा नाही, निवेदकानेही नाही. गावाला विचारावं. गाव म्हणालं सांगा, तर सांगावं, आणि गाडी कुठे लावायची, उजेड कुठून पुढे बंद करायचा, हे गावाच्याच शब्दांत ऐकवावं. कासच्या फुलांच्या पठारावर आधी नोंदणी करून ठरावीक लोकांनाच सोडायची पद्धत बसली. सुरुवातीला कुरकुर झाली, पण फुलं तुडवली जाण्यापेक्षा ते बरं, असं बहुतेकांना आता पटलं आहे.

इतिहासावर श्रोते फार बारकाईने कान ठेवून असतात. सिंहगडाच्या भागात दोर घेऊन कडा चढणारी यशवंती घोरपड आली की दोन प्रकारचे निरोप जातात. एक, अंगावर काटा आला. दोन, समकालीन कागदात हिचा पत्ता नाही, मग तुम्ही घटना म्हणून कशी सांगता? दोघांचंही बरोबर आहे. तानाजी मालुसरे फेब्रुवारी 1670 मध्ये त्या गडावर लढता लढता पडले, हा इतिहास. घोरपड ही लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट. ती जरूर सांगावी, रंगवून सांगावी, आणि ती लोककथा आहे हेही त्याच आवाजात सांगावं. त्याने गोष्ट लहान होत नाही. श्रोता निवेदकावर विश्वास ठेवू लागतो, आणि मग त्याने सांगितलेल्या पाण्याच्या टाक्यावरही ठेवतो.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचं. तासाभराच्या भागात वाटाड्याच्या वाट्याला किती वेळ येतो? बहुतेकदा जेमतेम ‘राम राम’ आणि ‘वाट सोपी हाय’ एवढाच. बाकी सगळं शहरातून आलेला माणूस बोलतो. ज्याच्या आजोबांनी त्याच धारेवर गुरं चारली, ज्याला कारवी सात वर्षांनी कधी फुलणार ते बोटांवर मोजता येतं, कुठल्या टाक्याचं पाणी फेब्रुवारीतच शेवाळतं ते ठाऊक आहे, तो गप्प. ठाकर, महादेव कोळी, कातकरी, धनगर, हे या डोंगरांचे राहते लोक. श्रोत्यांना ते ऐकायचे आहेत. ‘त्यांची भाषा सगळ्यांना कळत नाही’ अशी सबब मी निर्मात्यांकडून ऐकली आहे. कळते. एखादा शब्द निसटला तर श्रोता पुन्हा मागे जाऊन ऐकतो, आणि पुढच्या वेळी त्या गावात गेला की तोच शब्द वापरतो. इकडे बरेच श्रोते मूळचे त्याच मुलखातले, नोकरीसाठी ठाण्या-पिंपरीत आलेले. त्यांना तर तो आवाज घरचा वाटतो.

याच संदर्भात इर्शाळवाडी. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली आणि डोंगराच्या कुशीतली ती ठाकरवाडी ढिगाऱ्याखाली गेली. वर गाडीरस्ता नव्हता, बचावपथकं पावसात पायी चढली. इर्शाळगडाला जाणारे ट्रेकर वर्षानुवर्षं त्या वाडीत थांबत, चहा घेत, सुळक्याची वाट विचारत. त्यानंतर अनेक श्रोत्यांनी एकच गोष्ट मागितली: जुन्या भागांत त्या वाडीतले आवाज असतील तर ते पुसू नका, जपून ठेवा. ही मागणी मला फार मोठी वाटते. गडाचे दगड मोजून ठेवणारे पुष्कळ आहेत. पायथ्याच्या माणसांचं बोलणं कुणी ठेवायचं?

बचाव करणाऱ्यांचे भाग मात्र सगळ्यांना हवे असतात. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, ही माणसं रात्री-अपरात्री दरीत उतरतात. ते बोलायला लागले की उपदेश नसतो: शेवाळलेल्या कातळावर पाय कसा सरकतो, धबधब्याचा ओढा वरच्या पावसाने मिनिटांत कसा फुगतो, आग्या मोहोळाजवळ धूर आणि अत्तर का नको. पावसाळ्याच्या तोंडावर असा एक भाग दरवर्षी यावा.

परदेशातले श्रोते थोडक्यात: त्यांना लांब भाग हवेत, गाडी चालवताना ऐकतात, आणि चुलीवरच्या भाकरीचं वर्णन कापू नका म्हणतात.

जुलै 2025 मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा आपले, एक तमिळनाडूतली जिंजी. मग सगळे त्याच बारांवर भाग करू लागले. साल्हेर, लोहगड, पन्हाळा यांवर चांगलं काम झालं, जिंजीवर तर मराठीत हवंच होतं. पण श्रोते आता बिनयादीच्या जागा मागताहेत, विशेषतः घाटवाटा. जुन्नरकडच्या एका निवृत्त शिक्षकांची मागणी मी इथे तशीच उतरवते. नाणेघाट वर घाटघरपासून खाली वैशाखऱ्यापर्यंत सलग उतरत रेकॉर्ड करा. जकातीचा दगडी रांजण, गुहेतला राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख, यांवर लिपी जाणणारा कुणी बोलू दे. मग पुढे ज्या फरसबंद पायऱ्यांवरून सातवाहन काळापासून ओझ्याची जनावरं गेली, त्या पायऱ्यांवर तुमच्या बुटांचा आवाज ऐकवा. भाग तीन तासांचा झाला तरी हरकत नाही, असं ते म्हणाले. मीही ऐकेन, एका बैठकीत.