खुंबूच्या शिड्यांवर

दोस्तांनो, चला, आज थेट एव्हरेस्टच्या पायथ्याशी! नेपाळच्या बाजूच्या बेस कॅम्पवरून जरा वर पाहा. धबधबा कोसळता कोसळता गोठून जावा ना, तसा तो खुंबूचा हिमप्रपात. घराएवढे बर्फाचे ठोकळे, मधे खोल भेगा. आणि हा बर्फ रोज खाली सरकतो बरं का! म्हणून ऊन तापायच्या आत, अंधारातच निघायचं.

भेगांवर ॲल्युमिनियमच्या शिड्या आडव्या टाकलेल्या. बुटांखाली अणकुचीदार काटे. पाऊल दांड्यावर नीट बसलं का, ते तळव्यालाच कळतं. पण तळवाच नसेल तर?

चीनच्या शिया बोयूंना नव्हता. १९७५ साली याच पर्वतावर, तिबेटच्या बाजूला, त्यांनी स्वतःची स्लीपिंग बॅग सोबत्याला दिली. थंडीनं त्यांची पावलं गेली. पुढे कॅन्सर झाला, १९९६ मध्ये दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. तरी ते आलेच! २०१४ ला इथंच बर्फ कोसळला, २०१५ ला भूकंप. २०१६ मध्ये शिखर शंभरेक मीटरवर आलं आणि वादळ उठलं. ते मागे फिरले. मला विचाराल तर सगळ्यात अवघड पावलं तीच.

१४ मे २०१८ रोजी, एकोणसत्तराव्या वर्षी, कृत्रिम पायांनी ते माथ्यावर पोचले.