घट्टे आणि सूर

माणसाच्या हातावरील घट्टे पाहून त्याचा व्यवसाय ओळखण्याची मला जुनी सवय आहे. लोहाराचा घट्टा निराळा, नांगर धरणाऱ्याचा निराळा. आमच्या बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ असेच म्हणतात! या लोकांच्या तळहातावर, बोटांच्या मुळाशी, कातडी दगडासारखी कठीण झालेली असते. सतार वाजविणाऱ्याचा घट्टा मात्र डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर असतो. तारेची बारीक रेघच तेथे उमटते. बरीच वर्षे सतारीची संगत केल्यामुळे माझ्याही बोटांवर ती आहे.

घट्टा म्हणजे इजा नव्हे. जेथे वारंवार दाब पडतो, तेथे कातडी जाड होऊन आतील कोवळ्या भागाचे रक्षण करते. गिटार शिकू लागलेल्या मुलांची बोटे पहिले काही आठवडे हुळहुळतात, त्याचे भय बाळगू नये. फोड आला, तर तो बरा होईपर्यंत थांबावे म्हणजे झाले. भय बाळगावे ते निराळ्याच दुखण्याचे.

मी सेवानिवृत्त झाल्यावर सातवीतील एक मुलगा सुरांची ओळख करून घेण्यासाठी माझ्याकडे येऊ लागला. त्याचे आईवडील ऊसतोडीस गेलेले. घरी तो आणि आजी. मामाने दिलेली एक जुनी गिटार त्याच्यापाशी होती. पोर मोठे जिद्दीचे. दोन-दोन तास दातओठ खाऊन तारा दाबी. फाल्गुनात एके दिवशी पाण्याचा तांब्या उचलताना त्याच्या मनगटातून कळ निघाली आणि तांब्या खाली पडला. बोटांना मुंग्याही येत होत्या. मी त्याला थांबावयास सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, दुखल्याशिवाय विद्या येते का?”

ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. मी त्याचा हात हाती घेऊन त्याची रचना समजावून सांगितली. बोटांत स्नायू नसतात. बोटे वाकविणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. त्यांच्या कंडरा, म्हणजे चिवट दोऱ्याच म्हणा ना, मनगटाच्या एका अरुंद वाटेने बोटांकडे जातात. अशा नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू त्या एवढ्याशा वाटेत दाटीने बसलेले असतात. मनगट फार वाकवून जोर केला, की तेथे दाब वाढतो. मग ठणका लागतो, मुंग्या येतात. कातडीप्रमाणे कंडरांना घट्टे पडत नाहीत.

रॉबर्ट शूमान हा १८१० साली जन्मलेला जर्मन संगीतकार. थोर पियानोवादक होण्याच्या ध्यासाने त्याने कायद्याचा अभ्यास सोडला. बोटे बळकट व्हावीत म्हणून एक यंत्रही वापरून पाहिले. परंतु १८३२ च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताचे बोट निकामी झाले. त्याचे कारण काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण वादक होण्याची त्याची आशा संपली. पुढे तो रचनाकार म्हणून कीर्तिमान झाला, हे खरे. तथापि गेलेला हात काही परत आला नाही.

आमच्या या मुलास डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली. त्या काळात तो गाणी गुणगुणे आणि उजव्या हाताने मांडीवर ताल धरी. इतक्यात कारखान्याचा पट्टा पडला आणि त्याचे वडील गावी आले. त्यांनी गिटार पाहिली, अंगठ्याने तार दाबली आणि म्हणाले, “एवढा जोर लागतोय? मग हे बोथट्या कोयत्यावानीच झालं की! धार नसली की मनगट जातं.”

मी थक्कच झालो. तारा पट्टीपासून फार उंच होत्या. शहरातील कारागिराकडून घोडीवरील पट्टी थोडी घासून घेतली आणि तारा खाली आणल्या. मग मी त्याचे बोट दोन पडद्यांच्या मधोमध न ठेवता पुढच्या पडद्याच्या अगदी लगत मागे ठेवविले. तेथे थोडक्या दाबाने सूर स्वच्छ उमटतो. मनगट सरळ, आंगठा मानेच्या मागे सैल, डाव्या हाताची नखे कापलेली. आरंभी दहा मिनिटे वादन, मग पाच मिनिटे विसावा. वाद्य मांडीवर घेण्यापूर्वी तो तळहात एकमेकांवर चोळून ऊब आणी. या शेवटच्या गोष्टीला आजी हसे. म्हणे, पोरगं शेकोटीला बसल्यागत करतंय.

दसऱ्यानंतर वडील पुन्हा निघावयाच्या बेतात होते. आदल्या रात्री मुलाने त्यांना एक अभंग वाजवून दाखविला. तो संपताच वडिलांनी त्याचे मनगट हाती घेतले, चाचपून पाहिले आणि विचारले, “दुखतंय?”

“नाही,” असे म्हणून तो दुसरा अभंग वाजवू लागला.